कोलूवरची लारी

२००३ साली चेन्नईत पाणी नव्हतं. आदल्या वर्षीही ते बेताचंच होतं आणि पुढल्या वर्षीही काही उतू गेलं नाही. पण पेरांबूरच्या त्या चार मजली कॉलनीत २००३ ला अजूनही 'लारीचं साल' म्हणतात. एरवी साल लक्षात राहतं ते कुणाच्या लग्नावरून, नाहीतर कुणाच्या जाण्यावरून. इथं ते राहिलं नववीतल्या एका मुलीच्या चित्रकलेच्या प्रकल्पावरून. आणि त्या प्रकल्पाचं पुढे जे काही झालं, त्याला कारण तिची आजी, कमलिनीबाई खांबेटे.

कमलिनीबाई मिरजेच्या. सून देविका ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेला गेली, आणि मुलगा शार्दूल पहाटे कंपनीच्या बसनं गुम्मिडिपूंडीला जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा, म्हणून नातीजवळ राहायला कमलिनीबाई आणि त्यांचे यजमान त्र्यंबकराव तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये येऊन दाखल झाले. नात म्हणजे अवनी. पुण्याहून येऊन तिला वर्ष झालं होतं, तरी वर्गात तिचं नाव कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं. तमिळ येत नाही म्हणून मुली तिला 'हिंदी पोण्णु', म्हणजे हिंदी मुलगी, एवढंच म्हणत.

"अगं, त्यांना सांग ना, आपण हिंदी नाही, मराठी आहोत," कमलिनीबाई म्हणाल्या.

"कुठल्या भाषेत सांगू?" अवनीनं विचारलं.

या प्रश्नावर कमलिनीबाईंनी विषय बदलून भजी तळायला घेतली. शाळेतून आली की अवनी गॅलरीत जाऊन उभी राही आणि खाली बघत बसे. खाली बघण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे पाण्याची रांग. चेन्नईत टँकर म्हणत नाहीत, लारी म्हणतात. लारी येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी कॉलनीतल्या बायका पोपटी, गुलाबी, नारिंगी रंगांचे प्लास्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, घेऊन रांगेत उभ्या राहत. लारी येई किंवा न येई. रांग मात्र येई.

शाळेतल्या चित्रकलेच्या कामाक्षी मिसनी नववीला प्रकल्प दिला: घरातून रोज दिसणारी एक गोष्ट, टाकाऊ वस्तूंतून, हातानं केलेली. गांधी जयंतीच्या आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन, आणि एग्मोरकडच्या कला महाविद्यालयातले परीक्षक येणार. अवनीनं कच्चं रेखाटन दाखवलं तेव्हा मिस ते बराच वेळ बघत राहिल्या, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "अवनीचं काम मधल्या टेबलावर राहील." वर्षभरात वर्गात तिचं नाव मोठ्यांदा उच्चारलं गेलं ते हे पहिल्यांदा. त्या दिवशी ती घरी आली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत.

"काय करणार आहेस?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"लारी. आणि रांग."

त्र्यंबकराव पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातलं कुठलंही काम पुठ्ठा, सुतळी आणि लाख एवढ्यात होतं. त्यांनी पुठ्ठ्याची लारी सुचवली. पण इथं कमलिनीबाईंमधलं मिरजेचं माहेर जागं झालं. त्यांच्या लहानपणी जुने कागद भिजवून, लगदा कुटून, त्यात मेथी वाटून घालत आणि उपड्या घागरीवर थापून टोपल्या करत. मेथीमुळं चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही. त्या टोपल्या घरच्या माणसांपेक्षा जास्त टिकल्या. "लगद्याची कर," त्या म्हणाल्या. "दगड होईल दगड!"

लगद्याला पाणी लागतं. ही गोष्ट मिरजेत कुणाच्या ध्यानात आली नसती. पेरांबूरला ती दुसऱ्याच दिवशी कॉलनीचे सेक्रेटरी राघोत्तमराव यांच्या ध्यानात आली. राघोत्तमराव मूळचे तंजावरकडचे, पण मराठी त्यांच्या घरी त्यांच्या आजीबरोबरच संपलं होतं. उरलं होतं ते इंग्रजीची ठिगळं लावलेलं. ऊन असो नसो, काखेत छत्री. लारी यावी म्हणून ते वर्षभर पाण्याच्या कचेरीत अर्ज करत होते आणि त्या अर्जांच्या नकला जपून ठेवत होते.

"मॅडम, कंप्लेंट आहे," ते दारातूनच म्हणाले. "तुमच्या गॅलरीत बकेटभर पाण्यात पेपर भिजतात. इथं लोकांना प्यायला नाही, आणि तुम्ही पेपरला पाजता?"

"पाणी नाही ते, तांदळाचं धुवण आहे," कमलिनीबाई म्हणाल्या. "आणि डाळीचं."

राघोत्तमरावांनी बादलीत बोट बुडवून वास घेतला. "मेथीचं पण आहे."

"मेथी वाटून घातलीय."

"व्हाय?"

लगद्यात मेथी का, हे इंग्रजीत सांगणं कमलिनीबाईंच्या आवाक्याबाहेर होतं. त्यांनी हातातला वरवंटा दाखवला. राघोत्तमराव एक पाऊल मागे सरकले आणि प्रकरण तिथंच मिटलं. पण कॉलनीभर झालं, की तिसऱ्या मजल्यावरची माणसं वर्तमानपत्रांचं सांबार करतात.

लारी मात्र झाली! पोळपाटाच्या दुप्पट लांब, निळी, पाठीवर टाकी, मागे तोटी, तोटीला रबरी नळी. आणि तिच्यामागं रांग. त्या रांगेत अवनीनं एक गंमत केली होती. एकाही बाईला चेहरा नव्हता. सगळ्या पाठमोऱ्या. कुणाचा अंबाडा मानेवर उतरलेला, कुणाची वेणी गुडघ्यापर्यंत, कुणी एका पायावर भार टाकून कमरेवर हात ठेवलेली, कुणी पुढचीच्या कुडममध्ये डोकावणारी. आणि सगळ्यांत पुढं एकच पुरुष, काखेत छत्री.

"अगं, तोंडं राहिली," त्र्यंबकराव म्हणाले.

"मला तोंडं माहीत नाहीत, आजोबा. मला वरून एवढंच दिसतं."

त्र्यंबकराव उठून गॅलरीत गेले आणि खाली बघून आले.

आता सकवारबाई. समोरच्या फ्लॅटमध्ये सकवारबाई आणि बालाजीराव हे वृद्ध जोडपं राहत होतं, सून नंदिताबरोबर. तंजावरचे मराठे, दहा-बारा पिढ्या तिकडेच. सकवारबाई बोलायला लागल्या की कमलिनीबाईंना वाटे, एखादी बखर लुगडं नेसून दारात येऊन उभी राहिली आहे. 'सगळं' म्हणायचं तिथं त्या 'असकें' म्हणत, आणि मध्येच तमिळ असं मिसळत की भातात तूप कळावं पण दिसू नये.

सर्वपित्रीच्या दिवशी त्या कोलूचं आमंत्रण करायला आल्या. नवरात्रात तिकडे घरात पायऱ्या रचतात, त्यांवर देवादिकांच्या बाहुल्या मांडतात, खाली जमिनीवर बाजार, लग्नाची वरात, खेडेगाव असं काहीबाही असतं. त्याला कोलू म्हणतात. रोज संध्याकाळी बायकांना बोलावायचं, गाणी म्हणायची, आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची खोबरं घातलेली उसळ, वाटायची.

सकवारबाईंची नजर हॉलमध्ये वाळत ठेवलेल्या लारीवर गेली.

"अगे कमलिनी! ही लारी कोणीं केली?"

"आमच्या अवनीनं. शाळेसाठी."

"अय्यो, असकी रांग! ही आमची खालच्या मजल्याची मामी कीं! पाठ पाहा, पाठ!" सकवारबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. शेजारणीला तिकडे मामी म्हणतात. "आमचे कोलूंत खालीं जागा रिकामी आहे. यंदां नवी बाहुली अजून घेतली नाहीं. ही शोभेल बघ."

कमलिनीबाईंची चूक इथं झाली, आणि ती मिरजेच्या कुठल्याही बाईनं केली असती. आपल्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरास करतात. त्या आराशीला कुणाकडून काचेचा मोर मागून आणायचा, कुणाची शिंपल्यांची बोट, कुणाच्या सुनेनं विणलेला ससा. आणि दिवे मालवले की ज्याची वस्तू त्याला परत. यात द्यायचं-घ्यायचं असं काही नसतं. आरास म्हणजेच मागून आणलेलं. कमलिनीबाईंनी विचार केला, प्रदर्शनाला अजून अवकाश आहे, इथं त्र्यंबकराव येता-जाता लारीला पाय लावतात, त्यापेक्षा समोर चार दिवस सुखरूप राहील. शिवाय नातीचं कौतुक होईल. अवनी शाळेत होती, तिमाही परीक्षेला.

बरं, नुसती द्यायची की नाही? पण नवं वाहन घराबाहेर काढायचं म्हणजे त्याला हळदकुंकू नको? त्यांनी लारीच्या नाकाडावर हळदकुंकवाची बोटं लावली, पुढं नारळ ठेवला, आणि ताटात घालून लारी समोर पोचवली. सकवारबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली. हे डोळ्यांना लावणं कमलिनीबाईंना जरा जास्त वाटलं. पण कौतुक जास्त झालं म्हणून कुणी तक्रार करतं का?

दुसऱ्या दिवशी घट बसले, कोलूपुढं कलश बसला, आणि सकवारबाईंनी लारी खाली मधोमध मांडली. आठवडाभर कॉलनीकडे न फिरकलेली खरी लारी त्याच संध्याकाळी हॉर्न वाजवत फाटकातून आत शिरली.

पुढचं सांगायला नको. रात्रीची जेवणं व्हायच्या आत चारही मजल्यांवर झालं, की सकवार-पाटीच्या कोलूवर लारी बसली आणि लारी आली. पाटी म्हणजे आजी. बायका कोलू बघायला येत, देवीला नमस्कार करत, आणि मग खाली वाकून लारीला. कुणीतरी तिला जास्वंद वाहिली. राघोत्तमराव तेवढे जिन्यात उभे राहून म्हणत होते, "माझे इलेव्हन अर्ज गेले आहेत. इलेव्हन!" पण ऐकतं कोण?

अवनीला हे कळलं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त इंग्रजीत बोलायला लागली.

"व्हेन इज इट कमिंग बॅक?"

"अगं, आणते ना उद्या. चार दिवसांपुरती तर दिली होती."

"फाइन," अवनी म्हणाली, आणि त्यानंतर आजीशी मराठीचा एक शब्द नाही. पोळी वाढली की "थँक यू". एका घरात, एका ताटात, नातीनं 'थँक यू' म्हणावं!

त्या समोर गेल्या. आधी कोलूचं कौतुक केलं, मग सुंडलचं, मग हळूच विषय काढला. सकवारबाईंचा हात हवेतच थांबला.

"परत? कलश बसलियावर? अगे, कोलूवर बसली वस्तु विजयादशमीपर्यंत हालवूं नये. बोटही लावूं नये. आणि तुवां हळद-कुंकूं लावोन, नारळ ठेवोन दिधली! ती आमची यंदांची नवी बाहुली. नवी बाहुली कोणी परत देतें?"

"पण सकवारबाई, पोरीचं प्रदर्शन आहे हो."

"केव्हां?"

"गांधी जयंतीच्या आदल्या दिवशी."

सकवारबाईंनी बोटांवर मोजलं आणि दुःखानं मान हलवली. विजयादशमी त्यानंतर होती. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण लारी आली नाही.

"अगं, उपाय सोपा आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "बदली माणूस द्यायचा. पोस्टात आम्ही तेच करायचो." त्यांनी बाजारातून पत्र्याची खेळण्यातली एक लारी आणली आणि स्वतः नेऊन बालाजीरावांच्या हातात दिली. बालाजीराव रेल्वेतून निवृत्त झालेले, फार सज्जन, कानांनी थोडे मंद. "ही ठेवा, सार, त्या लारीच्या जागी," त्र्यंबकराव म्हणाले. "शेरी, शेरी," म्हणजे बरं बरं, असं म्हणून बालाजीरावांनी ती आनंदानं घेतली आणि पहिल्या लारीच्या मागं नेऊन ठेवली. नवी वस्तू आत ठेवायला काहीच हरकत नसते. हरकत असते ती बाहेर काढायला.

संध्याकाळी कॉलनीत दोन लाऱ्या आल्या. दुसरी खरं तर पलीकडच्या गल्लीची होती, वाट चुकून आत शिरली. पण ही बातमी कुणालाच नको होती. लोकांनी तिला नुसतं आत शिरू दिलं असं नाही, मागून फाटकही लावून घेतलं. त्यानंतर त्र्यंबकरावांना जिन्यात भेटलेली प्रत्येक बाई हात जोडून नमस्कार करू लागली, आणि शिवणकाम करणाऱ्या मामींनी विचारलं, की उद्या तिसरी ठेवणार का?

आता उरले राघोत्तमराव. कागदाच्या लगद्यानं आपलं श्रेय खाल्लं याचा त्यांना इतका राग होता, की लारी हलवायला कॉलनीत तेच एक तयार होते. "मी असोसिएशनचा ठराव करतो," ते म्हणाले. "सुपरस्टिशन चालणार नाही. चला." कमलिनीबाई त्यांच्या मागोमाग समोर गेल्या. राघोत्तमराव चष्मा लावून कोलूसमोर वाकले. मग आणखी वाकले. मग खालीच बसले.

"हा पुढं कोण आहे? छत्रीवाला?"

"तुम्हीच की," सकवारबाई म्हणाल्या.

राघोत्तमराव बराच वेळ स्वतःच्या पाठीकडे बघत राहिले. माणसाला स्वतःची पाठ कधी दिसते? "लाइन कंट्रोल करतो आहे," ते शेवटी हळूच म्हणाले. "बरोबर आहे. मी नसतो तर लाइन राहिली नसती." आणि उठताना त्यांनी हात जोडले. ठरावाचं पुढं काही झालं नाही.

शेवटी कमलिनीबाई शाळेतच गेल्या. पहारेकऱ्यानं भेटीचं कारण विचारलं. त्यांनी 'लारी' सांगितलं. त्यानं त्यांना मागच्या फाटकाकडे पाठवलं, जिथं खरोखरच पाण्याची लारी रिकामी होत होती. चिखल तुडवत, लुगड्याचा काठ भिजवून त्या कामाक्षी मिसपुढं उभ्या राहिल्या आणि मनात जुळवून आणलेलं इंग्रजी बोलल्या. प्रदर्शन पुढं ढकला, नाहीतर नातीला सवलत द्या.

"अशक्य आहे, मॅडम," मिस म्हणाल्या. "टेबलावर काम नाही तर नोंद नाही. परीक्षक एकच दिवस येणार. काम आहे कुठं?"

"नेबर. कोलू."

मिसचा चेहराच पालटला. "कोलूवर? बसवलंय? कलश ठेवल्यावर?" त्या खुर्चीतून उठल्या. "अय्यो, मग तुम्ही आणणार कसं? हात लावू नका हं, मॅडम! प्लीज!"

नियमाची बाई, तीही फितूर! या शहरात मुख्याध्यापिका रजा अडवू शकत होती, सेक्रेटरी पाणी अडवू शकत होता, पण बसलेला कोलू कुणी हलवू शकत नव्हतं. मग मिस म्हणाल्या, "टेबल मी रिकामं ठेवते. मधलंच. दुसऱ्या कुणाला देणार नाही."

घरी येऊन कमलिनीबाईंनी हे नातीला सांगितलं. "रिकामं टेबल," अवनी म्हणाली. मराठीत म्हणाली, पण ते ऐकून आजीला इंग्रजीच बरं वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये थर्माकोलची देवळं होती, आगपेटीच्या काड्यांचं दीपगृह होतं, नारळाच्या करवंट्यांची कासवं होती. मधल्या टेबलावर एक कार्ड तेवढं: 'लारी आणि रांग. अवनी खांबेटे, नववी. काम कोलूवर बसले आहे.' खाली पत्ता. आता गंमत अशी, की भरल्या टेबलाजवळ माणूस क्षणभर थांबतो आणि रिकाम्या टेबलाजवळ थबकतो. मुली येत, कार्ड वाचत, टेबलाखाली वाकून बघत. 'कुठली लारी?' 'ती दोन झाली ती?' पेरांबूरच्या मुलींच्या कानांवर ती गोष्ट आधीच आली होती. आणि मग सगळ्या वळून भिंतीशी उभ्या असलेल्या अवनीकडे बघत. अवनीला भिंतीत शिरायचं होतं. भिंत पक्की होती.

परीक्षक सडपातळ, खांद्याला झोळी, बोलणं कमी. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. "हॉलच्या बाहेरच्या कामाला मला गुण देता येणार नाहीत," ते मिसना म्हणाले.

"ठाऊक आहे, सर."

"पण कोलू बघायला जायला कोणता नियम आड येतो?"

त्या संध्याकाळी सकवारबाईंच्या दारात परीक्षक, कामाक्षी मिस आणि त्यांच्यामागं नववीचा अख्खा वर्ग उभा राहिला. सकवारबाईंनी एकदा मुलींकडे पाहिलं, एकदा सुंडलच्या पातेल्याकडे, आणि सून नंदिताला एवढंच म्हणाल्या, "चारी मजल्यांस सांग." दहा मिनिटांत घरोघरच्या कुकरच्या शिट्या वाजू लागल्या. ज्या दिवसांत तांब्याभर पाणी उसनं मिळत नव्हतं, त्या दिवसांत मुलींचे हात धुवायला कुणी आपला राखून ठेवलेला कुडम आणून दारात ठेवला. कॉलनीतल्या झाडून साऱ्या बायका सकवारबाईंच्या हॉलमध्ये जमल्या, कारण आपली पाठ परीक्षकांना दाखवली जाणार आणि आपण नाही, हे कुणाला परवडणार?

परीक्षक मांडी घालून बसले आणि बघू लागले. अवनीही लारी गेल्यापासून पहिल्यांदाच कोलूपुढं आली होती. रागानं ती समोरच्या घरात पाऊल टाकत नव्हती. तिनं रांगेकडे पाहिलं, आणि तिचे डोळे विस्फारले.

"अय्यो! लाइन मारिपोच्चु!"

सगळा हॉल तिच्याकडे वळला. 'रांग बदलली' असं ती म्हणाली होती, आणि तमिळमध्ये. कुठून आलं, तिलाही कळलं नाही. वर्षभर गॅलरीतून कान देऊन ऐकलेल्या भांडणांतलं वाक्य असावं. रांग खरोखरच बदलली होती. कोलूला बोट लावू नये असं म्हणणाऱ्या बायकांपैकी रोज कुणीतरी, नमस्काराला वाकून, स्वतःला एक नंबर पुढं सरकवून जात होती. शिवणकामाच्या मामी तर शेवटून थेट तोटीशी पोचल्या होत्या.

अवनीनं नीट करायला हात पुढं केला, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच गजर झाला: "तोडादे!" हात लावू नकोस!

"मग मी दाखवू कशी?" अवनी मराठीत ओरडली. "सकवार-पाटी, यांना सांगा, पाठ करून उभ्या राहा म्हणावं!"

सकवारबाईंनी सांगितलं. आणि मग पेरांबूरच्या त्या हॉलमध्ये कांजीवरम नेसलेल्या, केसांत मोगरा माळलेल्या भल्या-भल्या बायका परीक्षकांकडे पाठ करून ओळीनं उभ्या राहिल्या. अवनी एकीकडून दुसरीकडे धावत होती. "या मामी इथं. यांचा अंबाडा बघा. या मामी एका पायावर उभ्या राहतात. नाही, नाही, मामी, तुम्ही मागं, तुम्ही नेहमी उशिरा येता!" अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी, मध्ये मराठी. वर्गातल्या मुली हसून लोळत होत्या आणि चुकलेले शब्द पुरवत होत्या. राघोत्तमराव बोलावण्याची वाट न बघता छत्री घेऊन सगळ्यांच्या पुढं उभे राहिले. परीक्षक एकदा पाठींकडे बघत, एकदा लारीमागच्या रांगेकडे, आणि त्यांनी झोळीतून वही काढली ती गुणांसाठी नव्हे, रेखाटायला.

"आणि तू?" त्यांनी शेवटी विचारलं. "तू या रांगेत कुठं आहेस?"

अवनी थांबली. "मी नाही," ती म्हणाली. "मी वर असते."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लारीचा हॉर्न वाजला तेव्हा खालून कुणीतरी हाक मारली, "ए अवनी! कुडम घेऊन ये गं!" नाव घेऊन. ती धावत खाली गेली, कुडम विसरून; तो घेऊन मागोमाग त्र्यंबकराव उतरले. जिन्यात तिनं वळून वर पाहिलं. "आजी, तू पण ये ना," ती म्हणाली. मराठीत.

पहिलं बक्षीस आगपेटीच्या दीपगृहाला मिळालं. ते बरोबरच होतं. नियम म्हणजे नियम. अवनीला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर 'काम पाहिले, परंतु येथे नाही' असा शेरा. 'हिंदी पोण्णु' हे नाव गेलं. त्या जागी 'लारी अवनी' आलं, ते दहावीपर्यंत टिकलं.

विजयादशमीच्या संध्याकाळी कोलूवरच्या एका बाहुलीला आडवं करून निजवायचं असतं. सकवारबाईंनी त्या वर्षी तो मान लारीला दिला. आडवी केलेली लारी बघून त्र्यंबकराव पुटपुटले, "अपघात झाल्यासारखं दिसतंय." बालाजीरावांना नेमकं तेवढंच ऐकू आलं, आणि ते सगळं वर्ष हसत राहिले.

राघोत्तमराव पुढं तीन वेळा सेक्रेटरी झाले आणि दर वेळी बिनविरोध. कामाक्षी मिस दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन गेल्या. तिथल्या प्रदर्शनात म्हणे एक टेबल मुद्दाम रिकामं ठेवतात. परीक्षकांची ती वही त्यांच्या कुठल्याशा प्रदर्शनात लागली, आणि कॉलनीतल्या बायका बस करून आपापली पाठ बघून आल्या. त्र्यंबकराव मिरजेला गेले ते तिथंच, एका हिवाळ्यात, झोपेत गेले. बालाजीराव त्यांच्या मागोमाग. सकवारबाईंनी नव्वदी पार केली. शेवटपर्यंत त्या 'असकें' म्हणत राहिल्या, आणि आता कोलू नंदिता मांडते. अवनी अहमदाबादला जाऊन डिझाइन शिकली. बसथांबे, रांगेचे कठडे, लोक जिथं जिथं ताटकळतात त्या जागा बनवणं हा तिचा धंदा आहे.

लारी परत आली नाही. कोलूची बाहुली परत येत नसते. पण कोलूला दर वर्षी नवी बाहुली लागते, म्हणून २००४ च्या नवरात्रात सकवारबाईंनी फर्मावलं, "रांगेंत तूं नाहींस तें बरें दिसत नाहीं. करून आण." अवनीनं रांगेच्या शेवटी एक मुलगी उभी केली. तिला चेहरा होता. सगळ्या बायका लारीकडे तोंड करून, ही मागं वळून वर गॅलरीकडे बघणारी.

कमलिनीबाई कौतुकानं बघत होत्या, पण मनात कुठंतरी खुपलं. लगदा त्यांचा, मेथी त्यांची, अपमान त्यांचा, चिखलात काठ भिजला तो त्यांचा. "आणि मी गं कुठं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तू आहेस की. वाकून बघ."

त्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. लारीच्या पुढच्या काचेतून, स्टिअरिंगमागं, बोटभर उंचीची एक म्हातारी रस्त्याकडे रोखून बघत होती. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, एक हात हॉर्नवर.

"अगं, मला सायकलसुद्धा येत नाही!"

"पण लारी आणली कुणी?" अवनी म्हणाली.